शाळेच्या शिबिरात चुलीवर शिकलेलं गोडधोड: तुमचेही अनुभव सांगा

पळसपान:
परवा लेकीच्या शाळेतून निरोप आला. शनिवारी स्काउट-गाईडची खरी कमाई आहे, घरून काहीतरी करून आणायचं आणि विकायचं. ती म्हणाली, आई, तिळाचे लाडू करू. कढईत गूळ विरघळायला लागला, वास आला आणि मी थेट आठवीत जाऊन पोचले.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, 1996 चा जानेवारी, गावाबाहेर आंब्याखाली राहुट्या. गाईडच्या द्वितीय सोपानला, म्हणजे दुसऱ्या पायरीच्या परीक्षेला, चुलीवर रांधून दाखवावं लागायचं. आमच्या संघात आठ जणी. भाकरी सगळ्यांना यायची, पाक फक्त एकीला.

ती शाळेत कमीच दिसायची. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मायसोबत कापूस वेचायला जायची, घरचा स्वयंपाकही तिच्याकडेच. गणिताच्या तासाला उत्तर आलं नाही की उभी राहायची. त्या दिवशी तिनं ओढणी खोचली, चुलीतल्या अर्ध्या पऱ्हाट्या (कापसाच्या वाळक्या काड्या) बाहेर ओढल्या आणि म्हणाली, "जाळ मोठा ठेवला तं गूळ करपते, लाडू कडू होते." वाटीभर पाण्यात पाकाचा थेंब टाकायची, गोळी उचलून एकेकीच्या तळहातावर ठेवायची. "दाबून पाह्य. पसरते ना? अजून नाई झाला." चौथ्यांदा गोळी गोल राहिली. "आता उतरव गंज." आमच्या गाईडच्या बाईसुद्धा वाकून बघत होत्या.

दुसरा घाणा तिनं मला करायला लावला. मी उतरवायला उशीर केला, लाडू दगड झाले. मला रडू आलं. ती काही बोलली नाही. लाडू खलबत्त्यात कुटले, पाण्याचा हबका मारून पुन्हा गरम केले, फल्लीदाण्याचा कूट घातला आणि माझ्याच हातानं वळवून घेतले.

दहावीच्या आधीच तिचं लग्न झालं. माझा पाक आता चुकत नाही. सगळ्यांना वाटतं आईनं शिकवला. परवा लेकीच्या तळहातावर गोळी ठेवताना पहिल्यांदा तिचं नाव घेतलं घरात.

तुम्ही काय शिकलात, कोणाकडून?

वऱ्हाडी_सून:
माय गं ताई, डोळ्यात पाणी आलं. पोळ्या लाटता लाटता वाचलं, एक करपली.

चष्मेवाली:
गूळ साधा की चिक्कीचा?

पळसपान:
साधाच. चिक्कीच्या गुळाचे लाडू लवकर कडक होतात, मला जमत नाहीत.

झाडीतला:
गडचिरोलीकडचा मी. आमची आश्रमशाळा, शिबिर मार्चात, म्हणजे मोहाचे दिवस. फुलं रात्री उमलतात, पहाटे टपटप गळतात, आम्ही पोट्टे टोपल्या घेऊन अंधारातच निघायचो. वाळलेली फुलं कुटून आतले केसर झटकायचे, धुवायची, भिजवून वाटायची, त्यातच कणीक मळायची. साखर नाही, गूळ नाही. पुऱ्या अशा गोड की बस. नवीन मास्तर घाटावरचे, मोह म्हटलं की त्यांना दारूच आठवायची. आमच्या वर्गातल्या एकानं पुरी पुढं केली. मास्तरांनी खाल्ली, थोडं थांबले, म्हणाले "कशी केली ते लिहून दे." त्या पोट्ट्यानं तोवर कधी अर्धं पानही लिहिलं नव्हतं. दोन पानं लिहिली.

वऱ्हाडी_सून:
दोन पानं!! वा

निवृत्त_स्काउटमास्तर:
25 वर्षं शिबिरं घेतली. त्यात बिनभांड्याचा स्वयंपाकही असायचा. आमची मुलं गोड पानगे करायची. गुळाच्या पाण्यात कणीक घट्ट मळायची, थोडी बडीशेप, पळसाच्या दोन पानांत दाबायची आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ठेवायची. पान काळं पडलं की उलटायचं. शेतकऱ्यांच्या मुलांना निखाऱ्याचा अंदाज आमच्यापेक्षा चांगला, मी त्यांच्याकडूनच शिकलो. पळसपान ताई, तुमच्या मैत्रिणीसारखी मुलं दरवर्षी दिसायची. शिबिरात पुढे, वर्गात मागे. त्यांच्यासाठी आणखी करायला हवं होतं असं आजही वाटतं.

पळसपान:
सर, तुम्ही पाहिलंत तरी. आमच्या बाईंनी तिला शेवटच्या दिवशी शेकोटीला पुढे बोलावून सगळ्यांना तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. ती खाली मान घालून उभी होती, पण हसत होती.

चिखलदऱ्याची_थंडी:
आमचं शिबिर चिखलदऱ्याला. डिसेंबर. तूप डब्यातून निघेना, डबा चुलीजवळ धरून बसलो. शिरा केला चाळीस पोरांचा, रवा भाजायला पाऊण तास, सराटा फिरवून फिरवून हात गळून गेले. पाळीपाळीनं भाजला म्हणून कुणाला किती वेळ झाला कळेना, पण जमला एकदम मस्त. सगळे चुलीभोवती तसेच बसून राहिले, तंबूत जायला कोणी तयार नाही.

चष्मेवाली:
सराटा म्हणजे उलथणं का? मी सांगलीची.

झाडीतला:
हाव. अन् गंज म्हणजे पातेलं, कोपर म्हणजे परात. या एकदा इकडं, सगळंच शिकवतो.

संत्रेवाला:
वरूड तालुका. शाळेच्या शिबिरात संत्रा बर्फी करायला घेतली, रस दुधात टाकला, दूध फाटलं. मावशी म्हणाल्या गर आधी साखरेत आटव, मंग खवा टाक. फाटलेल्या दुधाचं काय झालं तर गाळून साखर घालून आटवलं अन् त्याचीच वडी थापली. ती आधी संपली. यंदा संत्र्याच्या आंबिया बहाराला भाव नाही बाप्पा.

निवृत्त_स्काउटमास्तर:
फळगळ जास्त होती का तुमच्याकडे?

संत्रेवाला:
लय. सततच्या पावसानं. निरोप करतो सर तुम्हाला, वेगळं बोलू.

वऱ्हाडी_सून:
पळसपान ताई, तुम्ही दारव्ह्याकडच्या का? आंब्याखालची राहुटी म्हटल्यावर आमच्या माहेरची आमराईच आठवली.

पळसपान:
दिग्रसकडच्या गं. पण मामा दारव्ह्याला.

वऱ्हाडी_सून:
मंग तं शेजारीच! मैत्रिणीचा पत्ता लागला का कधी?

पळसपान:
पुसदकडे दिली एवढंच माहीत. संक्रांतीला माहेरी जाते आहे, तिच्या भावाकडे जाऊन विचारणार. डब्यात लाडू घेऊन.

चष्मेवाली:
खरी कमाई कशी झाली ते सांगा आधी!

पळसपान:
उद्या आहे. 60 वळून झाले, लेक अजून वळते आहे. तीळ भाजताना झाकण ठेवा हो सगळ्यांनी, अख्ख्या ओट्यावर उडालेत.