पारलिंगी व्यक्तींना आवाजाची थेरपी हवीच कशाला?

तटस्थ: पारलिंगी व्यक्तींच्या आवाजाच्या थेरपीवर एवढा वेळ खर्च व्हावा हे मला पटत नाही. संप्रेरके सुरू केली की शरीराबरोबर आवाजही बदलेल आणि उरलेले काम आवाजाची पट्टी मोजणारे मोबाइल ॲप करील. शिकून घेतलेला आवाज ही शेवटी नक्कलच आहे.

खर्जातली: हे वाचून गप्प बसवले नाही. इस्ट्रोजेनने आवाज बारीक होत नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि ती वाढ नंतर कोणत्याही गोळीने मागे फिरत नाही. पारलिंगी पुरुषांचा आवाज टेस्टोस्टेरॉनने उतरतो हे खरे, पण त्यावरून आम्हा पारलिंगी स्त्रियांविषयी निष्कर्ष काढणे चूक आहे.

ॲपचे म्हणाल, तर त्यातला आकडा 200 हर्ट्झच्या वर नेऊनही मला फोनवर ‘बोला सर’ असेच ऐकू येई, कारण पट्टी चढली तरी आवाजाचा घुमारा छातीतलाच राहिला होता. शिवाय घसा आवळून बोलल्यामुळे संध्याकाळपर्यंत आवाज बसायचा. थेरपिस्टने आधी ते आवळणे सोडवले. पाण्याच्या पेल्यात स्ट्रॉ धरून त्यातून ‘ऊ’ काढायला लावले, मग जीभ किंचित पुढे ठेवून तोंडातली पोकळी लहान कशी करायची ते शिकवले. गायक वर्षानुवर्षे गळा तयार करतो, त्याला कोणी नक्कल म्हणत नाही.

स्पष्टवक्ती: माझा आक्षेप वेगळा आहे. माझा आवाज जन्मजात जाड आहे, मलाही फोनवर ‘साहेब’ म्हणतात, आणि मी तो बदललेला नाही. माझ्या एका पारलिंगी मैत्रिणीला थेरपीत हळू बोला, वाक्याचा शेवट वर न्या, मोठ्याने हसू नका, असे सांगितले गेले. ज्या साच्यातून बाहेर पडायला आम्हाला इतकी वर्षे लागली, त्याच साच्यात तुम्ही पैसे देऊन शिरता, याचा मला राग येतो.

खर्जातली: तुम्हाला ‘साहेब’ म्हटले की तुम्ही चिडता आणि विषय तिथेच संपतो. भर गर्दीत माझ्या तोंडून दोन शब्द निघाले की माना वळतात, आणि त्यानंतर घरी नीट पोहोचेन की नाही याची मला खात्री नसते. तुमच्या तत्त्वासाठी तो धोका मी का पत्करावा?

स्पष्टवक्ती: सुरक्षिततेचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. साच्याचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही.

उपचारक: मी याच क्षेत्रात काम करते. स्पष्टवक्ती म्हणतात तशी थेरपी होत असे आणि काही ठिकाणी अजूनही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एका वाईट अनुभवावरून सगळ्यांना झोडपणे अन्यायाचे आहे. डब्ल्यूपॅथ या पारलिंगी आरोग्यावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या 2022 च्या आठव्या आवृत्तीत आवाज आणि संवाद यांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि कोणता आवाज हवा हे त्या व्यक्तीनेच ठरवायचे, हाच आमच्या कामाचा पाया आहे. कोणाला स्त्रीचा म्हणून ओळखला जाणारा आवाज हवा असतो, कोणाला मधला, तर कोणाला घरी एक आणि कामावर दुसरा.

तटस्थ: संप्रेरकांबद्दलचे म्हणणे मी मागे घेतो. पण मग शस्त्रक्रिया करून एकदाच का मोकळे होऊ नये?

उपचारक: वेंडलर पद्धतीत स्वरतंतूंचा पुढचा भाग शिवून जोडतात, त्यामुळे कंप पावणारी लांबी कमी होते आणि पट्टी चढते. घुमारा आणि बोलण्याची लय यांना मात्र ती हात लावत नाही. आवाजाचा जोर कमी होऊ शकतो, वरची–खालची पल्ल्याची मर्यादा बदलते, आणि टाके भरून आल्यावर नव्या गळ्याने बोलायला शिकण्यासाठी बहुतेकांना पुन्हा थेरपीकडेच यावे लागते.