घर सावरणारी आजी : आपले अनुभव लिहावेत

आजीविषयी लिहिताना आपण बहुधा तिच्या मायेविषयी आणि तिच्या हाताच्या चवीविषयी लिहितो. परंतु पडत्या काळात पैशाची जुळवाजुळव करणारी, निर्णय घेणारी आणि साऱ्यांना धरून ठेवणारीही अनेक घरांत तीच होती, हे मात्र फारसे लिहिले जात नाही. सातबाऱ्यावर तिचे नाव नसते, त्यामुळे आपण लिहिले नाही तर हे सारे आपल्या पिढीबरोबरच पुसले जाईल, अशी मला काळजी वाटते. म्हणून आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीने अडचणीच्या वेळी नेमके काय केले, ते येथे लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे. सुरुवात मी करते.

आमचे गाव माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात विहिरींनी तळ गाठला, तेव्हा आजोबा बैलजोडी विकायला तयार नव्हते आणि दावणीला वैरणही उरली नव्हती. आजीने (आम्ही तिला आक्का म्हणत असू) बैल आपल्या माहेरी कृष्णाकाठी धाडले आणि स्वतः दोन्ही सुनांना घेऊन पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली. घरंदाज बायकांनी रोजगारावर जावे हे भावकीला रुचले नाही. त्यावर तिने वाद घातला नाही. दिवस उगवायच्या आत ती घर सोडत असे. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) पिठाला चिकटपणा नसल्यामुळे भाकरी थापतानाच मोडायची. म्हणून आक्का आधणाच्या पाण्यात पिठाची उकड काढून, हाताला चटके बसत असतानाच ते मळायची आणि तळहाताएवढ्या भाकरी थापायची. कामावर मिळालेली सुकडी (मजुरांना वाटला जाणारा कोरडा पौष्टिक खाऊ) ती पदरात बांधून घरी आणायची आणि सर्वांत लहान मुलापासून वाटायला सुरुवात करायची, असे माझी आई सांगते. त्या दुष्काळात आमची एक गुंठाही जमीन विकली गेली नाही, आणि याचे श्रेय पुढे आजोबा चारचौघांत तिलाच देत.

दुसऱ्या वाचकाचा अनुभव : वरचा अनुभव वाचून माझ्या आईच्या आईविषयी लिहावेसे वाटले. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत ती गिरणी कामगारांची खाणावळ चालवत असे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली खाणावळ चालवणाऱ्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, आणि त्याच्या आधाराने बँकेचे कर्ज मिळाल्यावर तिच्यामागचा सावकाराचा तगादा सुटला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा जेवणाऱ्या गड्यांकडे द्यायला पैसे राहिले नाहीत, तरी तिने कोणाचे ताट बंद केले नाही. डाळ पातळ झाली, मासळी बंद झाली, शेवटी तिच्या पाटल्याही मोडल्या गेल्या. उधारीची वही मात्र ती काटेकोरपणे लिहून घ्यायची, कारण फुकट जेवण्याची लाज कोणाला वाटू नये, असे तिचे म्हणणे होते. गावी परतलेल्यांपैकी काहींनी नंतर मनीऑर्डर केली, तर एकाने रत्नागिरीहून तांदळाचे पोते आणून दिले. बाकीच्यांविषयी मी तिच्या तोंडून वावगा शब्द कधी ऐकला नाही.

तिसऱ्या वाचकाचा अनुभव : माझी आजी पुण्यात नारायण पेठेत राहत होती. तिला मायाळू म्हणता येणार नाही. ती करारी होती आणि तिचा आम्हाला धाक होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पाणी घरात शिरले. ते ओसरल्यावर गुडघाभर गाळातून तिने भांड्यांच्या आधी मुलींची पुस्तके आणि दाखले काढले, कोरड्या धोतराच्या घड्यांत एकेक कागद ठेवून वाळवले. नातेवाइकांनी मुलींना गावी पाठवण्याचा आग्रह केला, तो तिने साफ नाकारला आणि वर्षभर लोकांकडे स्वयंपाक केला. तिच्या चारही मुली मॅट्रिक झाल्या.