विनाथांबा लांबचा विमानप्रवास : कोल्हापूरकरांचे अनुभव

सिडनीहून निघून वाटेत कुठेही न उतरता थेट लंडनला पोहोचणारे विमान सुरू करण्याची तयारी क्वांटास ही ऑस्ट्रेलियन कंपनी गेली अनेक वर्षे करीत आहे. मे २०२२ मध्ये तिने या सेवेसाठी एअरबसकडे ए-३५०-१००० जातीची १२ विमाने नोंदवली, त्यांत २०,००० लिटर इंधनाची जादा टाकी बसवून घेण्याचे ठरवले आणि पहिली उड्डाणे २०२५ च्या अखेरीस होतील असे जाहीर केले; ती मुदत पुढे २०२७ च्या पूर्वार्धापर्यंत लांबली. सुमारे १७,००० किलोमीटरच्या या वाटेवर प्रवाशाला २२ तासांपर्यंत एकाच विमानात राहावे लागेल आणि एक थांबा घेऊन होणाऱ्या आजच्या प्रवासाच्या मानाने त्याचे चार तासांपर्यंत वाचतील. आपल्याकडेही एअर इंडियाने डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई–सॅन फ्रान्सिस्को आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई–न्यूयॉर्क ही विनाथांबा सेवा सुरू केली. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि अ‍ॅमस्टरडॅम गाठले, शिवाय ६० ए-३५०-९०० विमानांची मागणी नोंदवून ठेवली आहे.

कोल्हापूरच्या माणसाचा परदेशप्रवास उजळाईवाडीच्या विमानतळावर, रेल्वे स्थानकावर किंवा महामार्गावरच्या रात्रीच्या गाडीत सुरू होतो, त्यामुळे विनाथांबा विमान मिळाले तरी त्याच्या आधीचा टप्पा आपल्याला चुकत नाही. म्हणूनच येथील लोकांचे अनुभव मुंबईकरांपेक्षा वेगळे असणार असे मला वाटते आणि ते एकत्र यावेत यासाठी हे निमंत्रण आहे. प्रवास चांगला झाला की वाईट एवढ्यावर न थांबता, तो कोणासाठी सोयीचा ठरला आणि का, हे कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्या बाळंतपणासाठी मी पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा आखातातील एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचे होते. व्हीलचेअरची नोंद आधीच केलेली होती, परंतु ती ढकलणाऱ्या माणसाने मला इतर वृद्ध प्रवाशांबरोबर एका कोपऱ्यात बसवले आणि तो दुसऱ्या कोणाला तरी आणायला निघून गेला. दरम्यान फलकावरील आमच्या विमानाच्या गेटचा क्रमांक बदलला. मी जन्मभर मराठी शिकवले, इंग्रजी वाचता येते, पण त्या घोषणांचे उच्चार माझ्या कानाला लागत नव्हते. माझ्या शेजारी नेल्लोरकडच्या एक वृद्धा होत्या. त्यांना तेलुगूशिवाय कोणतीही भाषा येत नव्हती आणि त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. शेवटी तेथे साफसफाई करणाऱ्या एका केरळी मुलाने आमचे बोर्डिंग पास पाहून आम्हाला योग्य गेटवर पोहोचवले. विमान मिळाले, तथापि त्या दोन-तीन तासांत छातीत जी धडधड होती ती पुढचा सगळा प्रवास थांबली नाही.

त्यानंतर मुलीने आग्रहाने मुंबईहून न्यूयॉर्कचे विनाथांबा तिकीट काढले. आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठून दिवसभर ठाण्याला भाच्याकडे विश्रांती घेतली. विमानात पंधरा-सोळा तास बसावे लागते हे खरे, गुडघे आखडतात आणि झोपही तुटक लागते. परंतु एकदा जागेवर बसल्यानंतर आपल्याला काही शोधायचे नाही, कोणाला काही विचारायचे नाही आणि सामान थेट उतरल्यावरच मिळणार आहे, या निश्चिंतीचे मोल माझ्यासारखीला फार आहे. मी मधल्या वाटेकडची जागा मागून घेते आणि जाग असेल तेव्हा दर दोन तासांनी मागच्या पॅन्ट्रीपर्यंत फेरी मारते. आमच्या वयाच्या स्त्रियांनी एकटीने जायचे असेल तर थोडे जास्त पैसे मोजून हीच सेवा घ्यावी, असे मी प्रत्येकीला सांगते.

वैद्यकीय व्यावसायिक, ताराबाई पार्क

बाईंनी सांगितलेल्या फेऱ्यांना वैद्यकशास्त्राचा पूर्ण आधार आहे. चार तासांहून अधिक वेळ बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनात दिसून आले आणि त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. निरोगी माणसाच्या बाबतीत हा धोका मुळातच कमी, म्हणजे अशा सुमारे ६,००० प्रवाशांमागे एक असा असल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र नुकतीच गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेले, पूर्वी गुठळी झालेले, कर्करोगावर उपचार घेणारे आणि गरोदर स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. दाब देणारे मोजे उपयोगी पडतात, पण ते योग्य मापाचे हवेत. ऐकीव सल्ल्यावरून अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये.

मी स्वतः लंडनला आणि अमेरिकेला विनाथांबा गेलो आहे. केबिनमधील हवेची आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या खाली असते, त्यामुळे घसा व डोळे कोरडे पडतात आणि पाणी मागून मागून प्यावे लागते. बोईंग ७८७ आणि एअरबस ए-३५० या नव्या विमानांत हवेचा दाब सुमारे ६,००० फूट उंचीवरच्या हवेइतका राखला जातो, जुन्या विमानांत तो ८,००० फुटांपर्यंतच्या उंचीइतका विरळ असे. हा फरक मला उतरल्यानंतरच्या थकव्यात स्पष्ट जाणवला.

माझ्या मधुमेही रुग्णांसाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा इन्सुलिनचा आहे. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, पूर्वेकडे येताना तो आखडतो, आणि म्हणून घड्याळाकडे पाहून नेहमीचा डोस घेतल्यास साखर एकदम खाली जाऊ शकते. निघण्यापूर्वी डोसांचे वेळापत्रक लिहून घ्यावे, इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे, सामानात टाकू नये, कारण तेथे ते गोठण्याची शक्यता असते. मध्ये थांबा असेल तर निदान चालणे होते आणि वेळेवर जेवता येते. विनाथांबा प्रवासात जेवणाची वेळ विमान ठरवते, म्हणून जवळ खाण्याचे काहीतरी असलेच पाहिजे.

फाउंड्री व्यावसायिक, शिरोली एमआयडीसी

आमच्याकडील कास्टिंगचा मुख्य माल समुद्रमार्गे जातो, पण नवे नमुने मंजुरीसाठी विमानाने पाठवावे लागतात आणि एखाद्या ग्राहकाच्या कारखान्यात उत्पादन अडले असेल तर तातडीचा मालही. अशा वेळी आम्हाला प्रवासी विमानाच्या पोटातील जागा हवी असते. अति लांब पल्ल्याच्या उड्डाणात निघतानाच्या वजनाचा चाळीस टक्क्यांपर्यंत वाटा एकट्या इंधनाचा असतो. पहिल्या निम्म्या वाटेवर जळणारे बरेचसे इंधन तर उरलेले इंधन उचलून नेण्यासाठीच जळते. त्यातून मालाला मिळणारे वजन घटते. आमच्या एका नमुन्याची पेटी विनाथांबा विमानातून ऐनवेळी उतरवली गेली आणि थांबा घेणाऱ्या विमानाने दोन दिवसांनी पोहोचली. प्रवासी म्हणून मात्र मी अमेरिकेतील बैठकीसाठी विनाथांबाच जातो, कारण उतरल्यावर त्याच दिवशी कारखान्यात उभे राहायचे असते. माल आणि माणूस यांचे हित येथे एक नाही, हे कंपन्यांच्या योजनांविषयी बोलताना लक्षात घ्यावे.

गृहिणी, इचलकरंजी

दीड वर्षाच्या मुलीला घेऊन मी अमेरिकेला दोन्ही प्रकारे गेले आहे. लहान मूल असेल तर मला मधला थांबाच बरा वाटला. तिला जमिनीवर पळता आले, नीट आंघोळ घालता आली आणि पुढच्या विमानात ती शांत झोपली.

निमंत्रकाची नोंद

येथपर्यंतचे अनुभव वाचून एक गोष्ट मला प्रकर्षाने मांडावीशी वाटते. विनाथांबा सेवेची सर्वाधिक गरज बाईंसारख्या, साध्या वर्गाचे तिकीट काढणाऱ्या वृद्ध प्रवाशांना आहे. आणि या सेवांची आखणी करताना कंपन्यांचे लक्ष मात्र महागड्या जागांकडे असते. सिंगापूर एअरलाइन्सने सिंगापूर–न्यूअर्क विनाथांबा सेवा २००४ मध्ये चार इंजिनांच्या ए-३४०-५०० विमानाने सुरू केली. ती विमाने इंधन फार खात असत आणि २०१३ मध्ये सेवा थांबली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ए-३५०-९०० च्या खास आवृत्तीने ती पुन्हा सुरू झाली तेव्हा त्या विमानात १६१ जागा ठेवल्या गेल्या, त्यांत साध्या वर्गाची एकही जागा नाही. क्वांटासच्या नियोजित विमानात २३८ जागा आहेत, साध्या वर्गाच्या १४० आहेत, आणि उभे राहून हातपाय ताणण्यासाठी एक मोकळा भाग राखला आहे. भारतातून जाणाऱ्या नव्या विमानांतही असा भाग सर्वांसाठी असावा, अशी मागणी आपण प्रवाशांनी आग्रहाने केली पाहिजे. पुढील लेखनात याविषयीही मते यावीत.

संगणक अभियंता, मूळ गाव गडहिंग्लज, सध्या सिडनी

सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरू–सिडनी विनाथांबा सेवा सुरू झाली आणि आमच्या भागातील लोकांचे मुंबईवरचे अवलंबन कमी झाले. गडहिंग्लजहून संकेश्वरमार्गे महामार्गाला लागले की बंगळुरू एका रात्रीच्या प्रवासावर आहे. पूर्वी आई-वडील सिंगापूरला विमान बदलून येत. आता ते बंगळुरूला बसतात आणि मी त्यांना सिडनीत उतरवून घेतो. वडिलांना या प्रवासाचे पूर्वी जे दडपण असे ते आता राहिलेले नाही.

कामानिमित्त मी पर्थहून लंडनलाही गेलो आहे. ही सुमारे १४,५०० किलोमीटरची सेवा मार्च २०१८ मध्ये सुरू झाली आणि तिला सतरा तासांच्या आसपास लागतात. माझा प्रामाणिक अनुभव असा की बाराव्या तासापर्यंत शरीर तक्रार करीत नाही, त्यानंतर मात्र प्रत्येक तास जड जातो, वाचन व चित्रपट दोन्ही नकोसे होतात आणि केबिनमधले दिवे केव्हा मंद होतात यावर झोप अवलंबून राहते. क्वांटासने ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क व लंडनहून सिडनीपर्यंत एकोणीस तासांहून अधिक काळाची चाचणी उड्डाणे केली, तेव्हा प्रवाशांची झोप, प्रकाश आणि जेवणाच्या वेळा यांचाच अभ्यास केला होता. निघताच रात्रीचे जेवण देऊन झोपवण्याऐवजी पोहोचण्याच्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे दिवे व जेवण ठेवणे, हा त्यातला विचार मला पटतो. २२ तासांच्या प्रवासाला मी तयार आहे. माझ्या आईला मात्र मी तो सुचवणार नाही.

शेतकरी, कागल तालुका

मुलाकडून टोरांटोहून दिल्लीला परत येत होतो. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, त्यानंतरचा हा प्रवास. तिकीट विनाथांबा होते, पण इंधन घेण्यासाठी विमान युरोपात उतरले. कोणाला खाली उतरू दिले नाही. आम्ही बराच वेळ आहे त्या जागी बसून होतो आणि पुढे दिल्लीहून कोल्हापूरकडे येण्याचे ठरलेले विमान हुकले. वळसा का पडला हे मला समजते, त्याबद्दल तक्रार नाही. तिकीट देतानाच हे सांगितले असते तर पुढचे विमान दुसऱ्या दिवशीचे घेतले असते, एवढेच माझे म्हणणे आहे.

निवृत्त हवाई दल तंत्रज्ञ, उचगाव

कागलच्या काकांच्या अनुभवामागचे कारण थोडे उलगडून सांगतो. विनाथांबा उड्डाणाचा हिशोब केवळ अंतरावर होत नाही. वाटेतील देशांची हवाई हद्द, वाऱ्याची दिशा, पर्यायी विमानतळापर्यंत पुरेल एवढे राखीव इंधन आणि वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा या सर्वांचा मेळ बसावा लागतो. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे अमेरिकेला जाताना वेळ व इंधन जास्त लागते आणि येताना कमी. ऑगस्ट २०२४ मध्ये मध्यपूर्वेतील तणावामुळे पर्थ–लंडन विमानाला वळसा घ्यावा लागला, तेव्हा जाताना ते इंधनासाठी सिंगापूरला थांबे. परतताना वारा मागून असल्याने लंडनहून पर्थला ते थेटच येत असे. एअर इंडियाने दिल्ली–वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवली, त्याच्या कारणांतही विमाने नूतनीकरणासाठी बाहेर असण्याबरोबर बंद हवाई हद्दीचा उल्लेख होता.

दोनच इंजिने असताना महासागरावरून इतके तास कसे जातात, असे मला गावात नेहमी विचारतात. एक इंजिन बंद पडले तरी उरलेल्या इंजिनावर ठराविक वेळात विमानतळ गाठता येईल अशीच वाट आखलेली असते आणि त्यासाठी विमानाला व कंपनीला वेगळी मान्यता घ्यावी लागते. सोळा-सतरा तासांच्या उड्डाणात साधारणपणे चार वैमानिक असतात. दोघे काम करतात तेव्हा दोघे विश्रांतीच्या खोलीत झोपतात. माझ्या सेवाकाळात पाहिलेल्या इंजिनांपेक्षा आजची इंजिने कितीतरी भरवशाची आहेत, आणि माझ्या पत्नीला घेऊन मी निर्धास्तपणे असा प्रवास केला आहे.

प्रवास व्यावसायिक, महाद्वार रोड

वृद्ध आई-वडिलांसाठी तिकीट काढायला येणाऱ्या मुलांना मी काही गोष्टी आवर्जून सांगतो. कोल्हापूर–मुंबई विमान आणि परदेशाचे विमान वेगवेगळ्या तिकिटांवर असेल, तर पहिले विमान रद्द झाल्यास दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. पावसाळ्यात येथील उड्डाणे धुक्या-पावसाने रखडतात, म्हणून आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. व्हीलचेअरची नोंद तिकिटाबरोबरच करावी आणि ती झाल्याचे कंपनीला विचारून खात्री करून घ्यावी. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली आहे. द्रुतगती मार्गाने येणाऱ्या आपल्या लोकांना पनवेल मुंबईच्या आधी लागते, त्यामुळे लांब पल्ल्याची विमाने तेथून सुटू लागली की आपला मुंबई शहरातील वाहतुकीचा त्रास वाचेल. मात्र मुंबईच्या नावाने आता दोन विमानतळ असल्याने, गाडी ठरवण्यापूर्वी विमान अंधेरीकडच्या जुन्या विमानतळावरून आहे की नवी मुंबईहून, हे तिकिटावर नीट वाचावे आणि परतीच्या तिकिटासाठीही वेगळे तपासावे.