पाय धुऊन घ्यायला लाज वाटली. हा नम्रपणा की दुसरंच काही?

यार्डातला_तोलाईदार (सांगली)

सर्वांना सलाम. वय 56. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर तोलाई करतो, एकवीस वर्षं झाली. चर्चमध्ये उपासनेआधी सतरंज्या झाडून घालणं, नंतर गोळा करणं आणि प्रभुभोजनाचे छोटे पेले धुणं, ही माझी कामं. कुणी लावून दिलेली नाहीत, मीच धरली. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या चर्चमध्ये बाकं बुडाली होती. ओसरल्यावर गाळ उपसायला फावडं घेऊन पहिला मीच आत शिरलो. हे मोठेपणा मिरवायला लिहीत नाही. खरं तर थोडं त्यासाठीच लिहितोय, पुढं कळेलच.

आमच्याकडं नवीन पाळकसाहेब आलेत. त्यांनी यंदा पवित्र गुरुवारी पहिल्यांदाच पाय धुण्याचा विधी ठेवला, येशूनं शेवटच्या भोजनावेळी शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून. बारा जण निवडले, त्यात माझं नाव. मी म्हटलं, साहेब, मी पाणी आणून देतो, बसायला दुसरा कुणीतरी बघा. ते म्हणाले, पाणी दुसरा आणेल, तुम्ही बसा.

आता हळदीचा हंगाम म्हणजे काय, हे सांगलीकरांना सांगायला नको. चपला काढून ढिगावर चढायचं, दिवसभर पोती मोजायची. टाचांना भेगा आणि भेगांत हळद. गुरुवारी निघताना दगडानं दोनदा घासल्या, पिवळं काही जाईना. पाळकसाहेब गुडघ्यावर बसले. स्टीलची परात, खांद्यावर कोरा पांढरा टॉवेल. उजवा पाय परातीत ठेवला आणि पाणी पिवळं झालं. पुसला, तर टॉवेलवर टाचेचा अख्खा ठसा उमटला. मला इतकं कसंतरी झालं की डावा पाय बाकाखाली ओढून घेतला. म्हटलं, राहू द्या साहेब, एकच पुरे. मागं कुणीतरी हसलं. साहेब हात तसाच पुढं धरून थांबले. मी पाय दिला नाही. मग ते शेजारच्याकडं सरकले.

पुढच्या रविवारी बायबलमधलं वचन नेमकं मत्तय 18 चं. सर्वांत मोठा कोण, असं शिष्य विचारतात आणि येशू एका मुलाला मध्ये उभं करतो. इतकी वर्षं मला वाटायचं, ते मूल म्हणजे माझ्यासारखाच, मागं राहून काम करणारा. त्या संध्याकाळी तीन वर्षांची नात चिखलात खेळून आली. तिला पायरीवर बसवून पाय धुवायला लागलो. तिनं एक पाय दिला, मग न सांगता दुसरा दिला, आणि तोंडानं मांजराची गोष्ट चालूच. "पुरे आजोबा" नाही, लाज नाही, की उपकार झाल्यासारखं तोंडही नाही.

तेव्हापासून एकच घोळतंय. मी पाय ओढला तो नम्रपणा होता का? आणि तुकोबांचा ‘लहानपण’ अभंग कृपया कुणी टाकू नका, व्हॉट्सॲपवर तिघांनी आधीच पाठवलाय.

मिरजेची_निवृत्त_सिस्टर

दादा, आधी टाचांचं बघू. रोज रात्री वीस मिनिटं साध्या पाण्यात पाय बुडवायचे, खरबरीत दगडानं हलक्या हातानं घासायचे आणि पाय ओला असतानाच व्हॅसलीन लावायचं. कुष्ठरोगाच्या पेशंटना आम्ही हेच शिकवायचो. त्यांच्या पायाला संवेदना नसते, भेग पडलेली कळत नाही आणि तिथूनच जखम सुरू होते.

आता तुमच्या प्रश्नाचं. मी शिकले मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात, 1894 साली डॉ. वॉन्लेस यांनी सुरू केलेल्या. नवीन मुलींच्या हातात पहिलं काय येतं? बेडपॅन. ते जमलं की वाटतं, आता आपल्याला गर्व नाही. पण खरं अवघड असतं पलीकडच्या माणसाचं. स्पंज द्यायला गेलं की हेडमास्तर, पाटील, वकील, सगळे म्हणायचे "माझं मी करतो", आणि उठायला जाऊन पडायचे. लहान पोरगं मात्र वाटी दिसली की दोन्ही हात वर करायचं.

नामानाची गोष्ट वाचा, 2 राजे 5. अरामाचा सेनापती, अंगावर कोड. उपाय सुचवला घरातल्या धरून आणलेल्या एका लहान मुलीनं. देवाचा संदेष्टा अलीशा बाहेरही आला नाही, निरोप पाठवला की यार्देन नदीत सात बुचकळ्या मार. नामान चिडून परत निघाला. चाकरांनी समजावलं तेव्हा कुठं उतरला, आणि कातडी झाली ती लहान मुलासारखी. मला ते वाक्य फार आवडतं. त्यानं काही दिलं नाही, जिंकलं नाही, नुसतं सांगितलेलं पाणी अंगावर घेतलं.

सातारा_जुनी_गल्ली

सिस्टरांशी सहमत, एक भर घालतो. आपण मूल म्हटलं की निरागस, गोड असं धरतो. त्या काळी मुलाला मोठ्यांत किंमतच नव्हती, मुद्दा तो आहे. मत्तय 8 मध्ये शताधिपतीचा, म्हणजे रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याचा, चाकर आजारी आहे, तिथं ग्रीकमध्ये शब्द आहे ‘पाइस’. त्याचा अर्थ चाकरही होतो आणि मूलही. मत्तय 18 मधला ‘पाइदिऑन’ हे त्याचंच लहान रूप. रांगेत शेवटी कोण, तर हे दोघे. मात्र बाळबुद्धी व्हा असं कुठं म्हटलेलं नाही. प्रेषित पौल 1 करिंथ 14:20 मध्ये उलट बजावतो, वाइटाच्या बाबतीत बालक व्हा, समजुतीत प्रौढ व्हा.

आमच्या साताऱ्यात 1917 मध्ये ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ ही भक्तमंडळी मांडली. पगार सोडला म्हणून लोक त्यांना नमस्कार करतात. मला नेहमी वाटतं, पगार सोडण्यापेक्षा त्यानंतर दुसऱ्यानं दिलेलं घेऊन खाणं जास्त जड गेलं असेल. हे आपलं माझं मत.

आणि येशूचा शिष्य पेत्र, त्यालाही तुमच्यासारखंच झालं होतं, योहान 13. आधी "माझे पाय कधीच नाही", मग एकदम "हात आणि डोकंसुद्धा". दोन्ही वेळा ठरवणार पेत्रच! 😄 येशूनं त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले. तो काही बोलल्याचं लिहिलेलं नाही.

एक विचारू? ते पेले दुसऱ्या कुणी धुतले तर तुम्हाला चालतं का?

कृष्णाकाठची_लेक

बारा जणांत बायका किती होत्या, ते आधी सांगा. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये रोमच्या बालसुधारगृहात बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले, त्यात दोन मुली होत्या. आणि फोटो किती काढले तेही सांगा.

हरिपूर_रोड

मी ख्रिस्ती नाही, पण राहवलं नाही. अभंग टाकत नाही, दादा 🙏 वारीत बघा, माऊली म्हणत एक वाकला की समोरचाही त्याच दमात वाकतो, कधी कधी डोक्याला डोकं आपटतं. मला वाटायचं रीत आहे. आता वाटतं, नुसतं उभं राहून नमस्कार घेणं कुणाला झेपतच नाही.

यार्डातला_तोलाईदार (सांगली)

ताई, बायका एकही नाही. फोटो बरेच. माझा पिवळ्या पाण्याचाही आहे, ग्रुपवर फिरला.

साताऱ्याच्या साहेबांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. महिला मंडळातल्या एक काकू दोन वर्षं म्हणतायत, पेले मी धुते. मी दर वेळी "राहू द्या, मला सवय आहे" म्हणून ट्रे उचलतो. त्यांच्या हातून फुटतील असं घरी सांगायचो. खरं म्हणजे ते काम गेलं, तर उपासना संपल्यावर मी तिथं उभा कशासाठी राहू, हे मला माहीत नव्हतं.

काल ट्रे त्यांच्याकडं दिला. त्यांनी पेले धुऊन पालथे ठेवले. मी सुलटे ठेवून वर कापड टाकतो. अगदी जिभेवर आलं होतं. बाहेर जाऊन बाकावर बसलो तर काकूंच्या सुनेनं चहा आणून हातात दिला. एरवी मी "आधी बाकीच्यांना द्या" म्हणतो. काल घेतला. साखर जास्त होती.

डाव्या पायाचं पाळकसाहेबांशी अजून बोललेलो नाही. सिस्टर, व्हॅसलीन संपलंय, खोबरेल चालेल का?

मिरजेची_निवृत्त_सिस्टर

चालेल. पाय पुसून कोरडा करू नका, ओला असतानाच लावा. नातीला लावू द्या.