अनुकंपी चेतापेशी: कंप की अनुकंपा?

टिपकागद: सिंपथेटिक न्यूरॉन, म्हणजे घाबरल्यावर शरीराला सज्ज करणाऱ्या चेतापेशी, जन्माआधी-नंतर कशा घडतात, यावरचा लेख मराठीत करतेय. 'अनुकंपी चेतापेशी' लिहिलं, तर भाऊ विचारतो, "या पेशी दयाळू असतात का?" छाती धडधडवणाऱ्या, डोळ्यातली बाहुली मोठी करणाऱ्या पेशी, यांच्यात दया कुठली! दुसरा शब्द आहे का?

विसर्ग: अनुकंप म्हणजे दुसऱ्याबरोबर आपणही कंप पावणं. दया नंतर चिकटली. घाबरल्यावर माणूस थरथरतोच की. चपखल शब्द आहे, हलवू नका.

जुनीवही: ही व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली. मूळ ग्रीक अर्थ 'सोबत सोसणं'. एका अवयवाचं दुखणं दुसऱ्याला जाणवतं, अशी जुनी समजूत होती. त्यावरून शरीररचनातज्ज्ञ विन्स्लो यांनी १७३२ मध्ये कण्यालगतच्या चेतापेशींच्या पुंजक्यांच्या माळेला 'सिंपथेटिक' हे नाव दिलं. थरथरीचा काय संबंध? 'सहवेदी' म्हणा.

विसर्ग: म्हणजे वेदना जाणणाऱ्या वाटतील. या तर हुकूम पोचवणाऱ्या.

मोजपट्टी: मुळात 'चेता' कशाला? आम्ही मज्जातंतू, मज्जासंस्था शिकलो. काही बिघडलं नाही.

पागोळी: आमच्याकडे बिघडलं. मामाला मज्जातंतूचा विकार आहे म्हटल्यावर घरचे त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मज्जा हाडातली ना!

टिपकागद: मंडळी, माझा प्रश्न... शिवाय न्यूरल क्रेस्टपाशीही अडलंय. भ्रूणाच्या पाठीकडे चेतानलिका (पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणारी नळी) मिटताना काठावरच्या पेशी सुटतात. त्यांतल्या काही खाली महारोहिणीशेजारी, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीशेजारी, येऊन थांबतात आणि तिथून सुटणाऱ्या प्रथिनांच्या इशाऱ्यावर अनुकंपी बनतात. 'चेताशिखा' चालेल?

मोजपट्टी: शिखा म्हणजे शेंडी. तुरा म्हणा, सुटसुटीत.

जुनीवही: तुऱ्यातून पेशी गावाला निघाल्या? वाचक हसतील.

पागोळी: अनुकंपीच ठेव गं. अगदी अनुकंपा तत्त्वावरची भरती आहे ती! या पेशी गरजेपेक्षा जास्त जन्मतात. ज्या अवयवापर्यंत तंतू पोचतो, तो एनजीएफ नावाचं प्रथिन देतो. ते पुरेसं मिळालं तर पेशी जगते, नाहीतर मरते. शास्त्रज्ञ रिटा लेव्ही-मोंतालचिनी यांनी १९६० मध्ये नवजात उंदरांना या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं टोचली, तर अनुकंपी गुच्छिका, म्हणजे या पेशींचे पुंजके, जवळजवळ नाहीशाच झाल्या.

विसर्ग: मग अनुकंपा अवयवाची झाली, पेशीची नव्हे. व्याकरण तरी सांभाळा.

मोजपट्टी: आणि गुच्छिका कसली? साधी गाठ म्हणा.

पागोळी: गाठ म्हटलं की लोक कॅन्सरच समजतात.

टिपकागद: शीर्षक अजून कोरंच आहे हो.

जुनीवही: ते होईल. तुम्ही वर 'बाहुली' लिहिलंत, ते फार आवडलं. लॅटिनमध्येही डोळ्यातल्या त्या काळ्या ठिपक्याचं नाव छोट्या बाहुलीवरूनच आलंय. समोरच्याच्या डोळ्यात आपलं इवलंसं रूप दिसतं ना, म्हणून.

विसर्ग: संस्कृतात कनीनिका. तीही छोटी मुलगीच.

मोजपट्टी: आमच्याकडे सरसकट बुबुळच म्हणतात.

विसर्ग: चूक! बुबुळ वेगळं, बाहुली वेगळी.