मदत हवी आहे: बातम्या बघून सतत चिडलेल्या बाबांशी बोलायचं कसं?

नमस्कार मंडळी. निवृत्त झाल्यापासून बाबा रोज रात्री दोन-अडीच तास टीव्हीवरच्या चर्चा बघतात. चर्चा कसली, सहा चौकटींत सहा जण एकाच वेळी ओरडतात आणि खाली लाल पट्टीवर 'मोठा गौप्यस्फोट'. (तो बहुतेक वेळा सकाळचाच असतो.) ते संपलं की फोन हातात घेऊन नातेवाइकांच्या ग्रुपवर भांडण. परवा माझ्या आतेभावाला थेट 'देशद्रोही' म्हणाले. ज्याला त्यांनीच सायकल शिकवली, त्याला! आत्या आता फोन उचलत नाही.

यामागचं गणित मला कळतं. फेसबुकने २०१७ पासून काही काळ कोणती पोस्ट जास्त दाखवायची हे ठरवताना रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. २०१८ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतल्या एमआयटीच्या अभ्यासात, ट्विटरवर खोटी बातमी रिट्विट होण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त दिसली, आणि हा फरक बॉटमुळे (आपोआप चालणाऱ्या खात्यांमुळे) नव्हे, माणसांमुळे होता. हे मी बाबांना सांगितलं. उत्तर आलं, "म्हणजे मी मूर्ख?"

चॅनेल बंद करा, असं कृपया सुचवू नका. त्यांना बातम्यांची खरीच आवड आहे. पूर्वी दोन पेपर अग्रलेखासकट वाचायचे. तुमच्या घरी कोणी यातून बाहेर आलं का? नेमकं काय केलंत? पुन्हा छापील पेपरकडे वळवणं कोणाला जमलं? आणि आत्याशी आधी मी बोलू, की बाबांनीच बोलायची वाट बघू?