अनुभव धागा : मालक-सुपरवायझर आणि कामगार यांच्यात निरोप नीट कसा पोचतो? (सोलापूर)

टॉवेल-चादरीचे माग, गारमेंट, विड्या. एकाच शेडमध्ये तेलुगू, कन्नड, दखनी आणि मराठी. आपबीती नको. बोलणं कुठे बिघडतं, का बिघडतं आणि त्यावर नेमकं काय करायचं, ते लिहा.

खडूफळा
माग चालू असताना दिलेली सूचना धरूच नका. शेडमधला आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. माणूस ओठ बघून मान हलवतो, ऐकलेलं काही नसतं. पाळी बदलताना जाणारा आणि येणारा, दोघांना दाराबाहेर घ्या. पाच मिनिटं पुरतात.

दुसरं, अर्धवट हुकूम देऊ नका. 30 बाय 60 इंची टॉवेल 400 जीएसएमचा (चौरस मीटरला 400 ग्रॅम) असेल तर एक नग साधारण 465 ग्रॅम, डझन 5.6 किलो. पार्टीला 450 हवा असेल तर डझन 6.3 किलोच्या आसपास. आता नुसतं "वजन वाढवा" म्हटलं की एक जण पिक (आडवे धागे) वाढवतो, दुसरा लूप (टॉवेलवरचे फासे) उंच करतो. काट्यावर दोन्ही बरोबर, पण हाताला माल वेगळा लागतो आणि लॉट परत येतो. म्हणून काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे दोन्ही सांगा. पहिला नग कापून वजन करा, त्यावर मार्करने सही करा आणि मागाजवळ टांगा. डझनाचं वजन फळ्यावर लिहा. आकडा सगळ्यांना वाचता येतो.

"समजलं का?" हा प्रश्न कुचकामी आहे, उत्तर "हो"च येतं. त्याऐवजी "आता आधी काय बदलणार?" असं विचारा.

बंडल_तिकीट
युनिफॉर्मच्या लाइनवर चूक दाखवायची तर नग हातात घेऊन दाखवा. "अक्का, कॉलरचं टोक बघा, इथे टाका सुटतोय" असं म्हणून खडूने खूण करा. सगळ्या लाइनसमोर आवाज चढवला तर पुढची चूक बंडलाच्या तळाशी लपवली जाते आणि थेट पॅकिंगला सापडते. ती उसवण्यात दुप्पट वेळ जातो.

हिशोबवही
सगळ्यात जास्त भांडणं उचलीवरून होतात. उचल देतानाच हप्ता ठरवा, दोन प्रती करा, एक कामगाराकडे द्या. पगाराच्या चिठ्ठीवर नग, दर, कपात आणि शिल्लक उचल असे चार आकडे वेगळे हवेत. कपात वाढवायची असेल तर आधीच्या आठवड्यात बोला. पाकीट हातात पडल्यावर कळलं तर तो विश्वास परत मिळवणं फार अवघड.

मराठी मेसेज अनेकांना वाचता येत नाही. जॉबरकडून (शेडमधला मुकादम) तेलुगूत अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज करून घ्या.

नारळीपौर्णिमा
गड्ड्याची यात्रा आणि मार्कंडेय रथोत्सव कधी आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. पंधरा दिवस आधी डिस्पॅचची तारीख समोर ठेवून सुट्टीचं विचारा. लोक स्वतःच पाळ्या वाटून घेतात.

माग_बंद
खालून वर जाणाऱ्या निरोपाबद्दलही बोला की! जॉबर सांगतो तेवढंच साहेबांना कळतं, आणि जॉबरबद्दलची तक्रार तर कधीच पोचत नाही. प्रत्येक शेडमध्ये एक वही ठेवा. माग नंबर, वेळ आणि बंद पडण्याचं कारण (ताणा तुटला, कांडी नाही, लाइट गेली) त्यात यावं. लिहिता न येणाऱ्याचं दुसऱ्याने लिहावं. मॅनेजरने रोज वाचून समोर उत्तर लिहावं, मग ते "पार्ट मंगळवारी येईल" एवढंच का असेना. उत्तराचा रकाना सलग कोरा दिसला की लोक लिहिणं सोडतात. मग तोच माग पुन्हा त्याच कारणाने बंद पडतो.